पणजोबांचं कोपर

आडनाव ही अशी वस्तू आहे की ती आपल्याकडे आहे हे माणूस बहुतेक वेळ विसरलेलाच असतो. उपसरांना आपलं आडनाव एकदम आठवलं ते एका रविवारी संध्याकाळी, होणाऱ्या जावयासमोर बिस्किट चहात बुडवून धरलेलं असताना. आठवण जरा लांबली आणि बिस्किट कपात पडलं.

उपसर म्हणजे निवृत्त उपमुख्याध्यापक. शाळेत मुख्याध्यापकांना मुलं मोठे सर म्हणायची, म्हणून हे उपसर. पुढे ते नाव शिक्षकांनी उचललं, मग दूधवाल्याने, आणि शेवटी खुद्द बायकोही फोनवर ‘उपसर आत्ता घरात नाहीत’ असं सांगायला लागली. त्यांच्या कारकिर्दीत कितीतरी मोठे सर आले आणि गेले. जाताना प्रत्येकाने उपसरांचा हात हातात घेऊन ‘शाळा खरी तुम्हीच चालवलीत’ असं सांगितलं, आणि तो हात सोडतात न सोडतात तोच पुढचे मोठे सर दारात हजर झाले. उपसरांनी जन्मभर सही केली ती ‘मुख्याध्यापकांकरिता’ या शब्दाच्या खाली. त्या ‘करिता’चा त्यांना राग नव्हता. त्याची त्यांना चष्म्यासारखी सवय झाली होती.

होणारा जावई गुणी होता. दातांचा डॉक्टर, बोलणं हळू, आणि चहा पिताना आवाज नाही. खोड काढायची तर एकच होती: त्याच्या आडनावाचा गावात चौक होता. त्याचे खापरपणजोबा गावाचे पहिले नगराध्यक्ष. चौकात त्यांचा पुतळा, पुतळ्याचा हात वर केलेला आणि बोट भविष्याकडे, म्हणजे सध्या चपलांच्या दुकानाकडे. बसचा कंडक्टर दिवसभर त्यांचं आडनाव पुकारायचा आणि माणसं पटापट उतरायची. उपसर त्या घराण्याला मनातल्या मनात ‘चौकवाले’ म्हणत.

तर त्या रविवारी जावई सहज म्हणाला, “आई विचारत होती, लग्नानंतर नाव काय लावणार म्हणून. तिचा आग्रह काही नाही.”

“मी अजून ठरवलं नाहीये,” लेक म्हणाली.

“म्हणजे?” उपसरांनी विचारलं. बिस्किट याच वेळी गेलं.

“म्हणजे दोन्ही आडनावं बरी आहेत. याच्या आडनावाचा चौक आहे. आपल्या आडनावाचं काय आहे, बाबा?”

“ते आपलं आहे,” उपसर म्हणाले.

“हे काही कारण झालं नाही. मला एक नीट कारण द्या, मी तेच ठेवीन. नोंदणीच्या दिवसापर्यंत वेळ आहे की.”

ती हे रागाने बोलली नव्हती. लेक भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवणं, मधला सगळा वेळ त्याचा श्वास सांभाळणं आणि नंतर त्याला परत उठवणं हे तिचं काम. उठलेला माणूस फुलांचा गुच्छ नेऊन द्यायचा सर्जनला. या धंद्यात राहून तिने एक थंड, सरळ आवाज कमावला होता, आणि त्या आवाजात विचारलेल्या प्रश्नाला ‘जाऊ दे’ म्हणता येत नसे.

पाहुणे गेल्यावर उपसर खिडकीशी जाऊन उभे राहिले. एकुलती एक लेक. स्वतःला भाऊ नाही, चुलतभाऊ नाही. “हिने बदललं तर आपल्यामागे हे आडनाव संपलं,” ते म्हणाले.

“संपलं तर संपलं,” बायको कपबशा उचलता उचलता म्हणाली. “मी माझं आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवून इथे आले, तेव्हा कुणाचं बिस्किट पडलं नव्हतं.”

उपसरांनी तिच्या हातातली एक बशी घेतली आणि स्वयंपाकघरापर्यंत नेऊन दिली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोहीम उघडली. आडनावाचा इतिहास शोधायचा, त्यात एक तरी कर्तबगार पूर्वज असणारच, तो धरून आणायचा आणि लेकीसमोर उभा करायचा. एखाद्या गोष्टीचा छडा लावायचा म्हटलं की उपसरांच्या अंगात वेगळंच बळ येई. शाळेत खडू कोण चोरतो हे शोधायला ते एकदा दिवसभर कपाटामागे उभे होते. चोर सापडला नाही, पण खुद्द मोठे सर खडू खिशात टाकताना दिसले, आणि मग ते प्रकरण मिटवण्यात आठवडा गेला.

मोहिमेची बातमी जिन्यावरून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे विमावाले खाली आले. विमावाल्यांनी जन्मभर लोकांचे आयुर्विमे उतरवले असल्याने इमारतीतल्या प्रत्येकाच्या मरणाकडे ते आपुलकीने बघत. “कागद कशाला धुंडाळता?” ते म्हणाले. “थुंका.”

“काय?”

“नळीत थुंकायचं आणि डीएनए तपासायला पाठवून द्यायचं. वंशावळ घरपोच. माझ्या साडूने थुंकून बघितलंय.”

उपसर थुंकले. निवृत्त शिक्षकाला स्वतःच्या घरात, बायकोच्या देखत, एका नळीत रेघेपर्यंत थुंकायला लागणं यात जो काही अपमान आहे तो त्यांनी इतिहासाकरिता गिळला. ही चूक होती, कारण गिळल्यामुळे नळी भरायला दुप्पट वेळ लागला. निकाल आला तो असा, की कुठल्याशा दूरच्या देशात मेंढ्या पाळणारा एक गृहस्थ त्यांचा लांबचा भाऊ लागतो. त्याचं आडनाव वेगळं, भाषा वेगळी, पण माया फार. तो रोज सकाळी फोनवर एका मेंढीचा फोटो पाठवू लागला. उपसर शिष्टाचार म्हणून ‘सुंदर’ असं उत्तर द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी मेंढी यायची.

मग त्यांनी गावाच्या छापील फोनच्या यादीत आपलं आडनाव शोधलं. एक सापडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, अनोळखी रस्त्यावर, त्यांच्याच आडनावाचा एक जिवंत माणूस. फोन करून असा क्षण वाया घालवायचा नाही म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून थेट गेले. दार एका म्हाताऱ्याने उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “पडद्याची दांडी आणलीत का?”

हे त्यांचेच जुने घरमालक होते. लेक लहान असताना उपसर याच घरात भाड्याने राहत होते. पुढे रस्त्याचं नाव बदललं (चौकवाल्यांच्याच कुणा काकांचं दिलं होतं), इमारतीला रंग लागला, आणि फोन मात्र मालकांनी उपसरांच्याच नावावर चालू ठेवला होता. म्हणजे आडनावबंधू म्हणून त्यांनी ज्याचा शोध लावला तो माणूस ते स्वतःच होते. शिवाय त्याच्यावर दांडी नेल्याचा आरोप होता.

“मिळालं का कुणी?” बायकोने विचारलं.

“मिळालं,” उपसर म्हणाले, “पण फारसं चांगलं मत होण्यासारखं नव्हतं.”

यानंतर जुन्या नोंदींचं कार्यालय. तिथे खिडकीत एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्यामागे लांबवर कपाटांच्या रांगा होत्या.

“कोणाची नोंद हवी?”

“माझ्या पणजोबांची.”

“ते तुमचे पणजोबा होते याचा पुरावा?”

“तो तुमच्याकडे आत आहे.”

“आतला पुरावा बघायला बाहेरचा पुरावा लागतो,” बाई म्हणाल्या, आणि हे त्या इतक्या सौजन्याने म्हणाल्या की उपसरांना त्यांचा राग येईना. “नाहीतर संशोधक म्हणून या. एखाद्या संस्थेच्या प्रमुखाचं पत्र आणा.”

उपसर आपल्या जुन्या शाळेत गेले. सध्याचे मोठे सर प्रशिक्षणाला गेले होते. सध्याच्या उपसरांनी आनंदाने पत्र दिलं आणि खाली वळणदार सही केली, मुख्याध्यापकांकरिता.

“हे चालणार नाही,” बाई म्हणाल्या. “करिताची सही आहे.”

“बाई,” उपसर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सगळी नोकरी उतरली, “जगात जी काही खरी माहिती असते ती करितालाच असते. प्रमुखाला फक्त सही असते.”

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. “मला सांगू नका,” त्या म्हणाल्या. “मीसुद्धा इथे करिताच आहे. साहेब सुट्टीवर आहेत.” आणि त्यांनी उठून बाजूचं दार उघडलं.

आत उपसरांनी धूळ खात खात आपलं घराणं वर काढलं आणि जसजसं ते वर येत गेलं तसतसे ते खुर्चीत खाली खाली घसरत गेले. आजोबा दुय्यम स्टेशनमास्तर. आजोबांचे भाऊ गावाच्या फुटबॉल संघाचे राखीव गोलरक्षक. खरा गोलरक्षक दणकट प्रकृतीचा असल्याने हे आयुष्यभर बाकावर. एक चुलतआजोबा नाटक कंपनीत मुख्य नटाच्या आजारपणाची वाट बघणारे. कुणी सहायक, कुणी हंगामी, कुणी बदली. घराण्यात पहिला म्हणावा असा माणूसच नव्हता. पणजोबांच्या नावापुढे व्यवसायाची जागा तेवढी कोरी होती, आणि तेवढ्या कोऱ्या जागेवर उपसरांनी आपली सगळी आशा ठेवली.

पणजोबांना पाहिलेली घरात एकच व्यक्ती उरली होती. उपसरांच्या आत्या. त्यांना ऐकू कमी येई, पण त्यांना जे सांगायचं असे त्याला ऐकू येण्याची गरज नव्हती.

“अरे, आमचे आजोबा म्हणजे काय!” आत्या म्हणाल्या. “पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं ना, तेव्हाच्या फोटोत आहेत ते. पहिल्या रांगेत. आम्हाला मांडीवर घेऊन सांगायचे, नगराध्यक्षाच्याच रांगेत उभा होतो, आणि मी नसतो तर तो समारंभ पार पडला नसता.”

“करत काय होते ते, आत्या?”

“रुबाबदार होते.”

“पण काम काय?”

“तेच तर सांगते. फार रुबाबदार.”

उपसर घरी परतले ते जवळजवळ धावत. पहिली रांग! नगराध्यक्षाच्या बरोबरीने! म्हणजे इंजिनिअर असणार. किंवा टाकीला जमीन देणारे दाते. बायकोला त्यांनी जेवताना दोन्ही शक्यता समजावून सांगितल्या आणि दात्याच्या बाजूने थोडं अधिक बोलले.

आता तो फोटो मिळवायचा. पाणीपुरवठा खात्याने त्यांना पंपघरात पाठवलं, पंपघराने भांडारात, भांडाराने जनसंपर्काकडे, आणि जनसंपर्काकडच्या माणसाने, ज्याचा जनतेशी संपर्क आल्याचं कुठलंही चिन्ह नव्हतं, त्यांना पाण्याचं बिल भरण्याच्या दालनात पाठवलं. तिथे खिडकीच्या वर, जाळीदार पंख्याच्या शेजारी, तो फोटो टांगलेला होता. उपसर वर्षानुवर्षं याच रांगेत उभे राहून बिल भरत आले होते. पण रांगेत माणूस पुढच्याच्या मानेकडे बघतो, भिंतीकडे नाही.

त्यांनी शिपायाकडून स्टूल मागून घेतलं आणि रांगेतल्या लोकांच्या डोक्यांवर चढून जाऊन चष्मा फोटोला लावला. मध्यभागी नगराध्यक्ष, चौकातल्या पुतळ्यासारखाच हात वर केलेले. दोन्ही बाजूंना कोट, मिशा, टोप्या. पहिली रांग त्यांनी डावीकडून तपासायला घेतली. हे गृहस्थ जाड, ते नव्हेत. हे फारच ठेंगणे. हे ओळखीचे, यांच्या नावाचं रुग्णालय आहे. असं करत ते उजव्या टोकाला आले, आणि तिथे पहिली रांग संपली. संपली म्हणजे अर्ध्यात संपली. फोटोच्या कडेला, चौकटीतून आत आलेलं, एक कोपर होतं. कोटाच्या बाहीतलं, टोकदार, उंच उचललेलं कोपर. बाकी माणूस फोटोच्या बाहेर राहिला होता.

“तुमचं बिल भरून झालं असेल तर उतरा,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

उपसरांनी फोनवर त्या फोटोचा फोटो घेतला आणि घरी येऊन बायकोसमोर धरला. “हे आपल्यापैकी कुणाचं असेल असं मी म्हणत नाही,” ते सावधपणे म्हणाले. “कोपरावरून माणूस ओळखता येत नाही.”

बायकोने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि क्षणाचाही विचार न करता परत दिला. “तुमच्याच घरातलं आहे. हे कोपर लग्न झाल्यापासून रोज माझ्या बरगडीत लागतंय. मी ते अंधारातसुद्धा ओळखीन.”

थुंकीने, फोनच्या यादीने आणि सरकारी कपाटांनी जे सिद्ध केलं नव्हतं ते असं सिद्ध झालं. उपसरांनी आरशासमोर आपली बाही वर करून खात्री करून घेतली. तसंच हाड, तसाच बाहेर आलेला कोन. शंभर वर्षांपूर्वीचा एक माणूस आपल्याच बाहीत बसलेला आहे हे कळल्यावर त्यांनी बाही जपून खाली केली.

पण एक प्रश्न सुटला की उपसरांना दुसरा दिसायचा. हे कोपर करतंय काय? गप्प उभ्या माणसाचं कोपर खाली असतं. हे खांद्याच्या वर होतं.

हा प्रश्न त्यांनी जिन्यात मांडला आणि इमारतीला काम मिळालं. विमावाले म्हणाले, सलाम करताहेत. तळमजल्यावरच्या शिंप्याचं मत पडलं की कुणाच्या तरी खांद्याचं माप घेताहेत. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंना त्यात दुसरं काही दिसायलाच तयार नव्हतं. कोपराची उंची थोडी चुकलेली आहे, एवढंच त्या म्हणाल्या. निवृत्त हवालदारांनी रहदारी अडवून दाखवली. प्रत्येकाने आपापला मुद्दा पटवायला कोपर वर केलं. पार्सल घेऊन आलेल्या माणसाने वळणावर हे सगळे हात एकदम पाहिले, पार्सल पायरीवर ठेवलं आणि सही न घेता निघून गेला. मेंढ्यावाल्या भावालाही फोटो पाठवला होता. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: माणूस मेंढी धरून उभा आहे. खाली नमुन्यादाखल तशीच धरलेली मेंढी होती.

नोंदणीचा दिवस जवळ येत चालला होता. लेक एकदा लांबलेलं ऑपरेशन संपवून दमून घरी आली, तर दिवाणखान्यात वडील, विमावाले आणि होणारा नवरा असे तिघे कोपर उचलून उभे. जावयाला उपसरांनी दाढा काढतानाचं कोपर तपासायला बोलावलं होतं.

लेकीने फोटो हातात घेतला आणि उभ्याउभ्याच पाहिला.

“तुम्ही सगळे कोपराकडे बघताय,” ती म्हणाली.

“मग काय बघायचं?”

“बाकीचं. ऑपरेशन चालू असताना सगळे एकाच जागी बघत असतात. मला बाकीचं बघायची सवय आहे.” तिने बोट ठेवलं. “समोरची जमीन बघा, उन्हाने पांढरी झालीये. आणि हे सगळे लोक सावलीत आहेत. सावली कशाची? वर कापड आहे. हा त्याचा एक खांब. हा दुसरा. मागे तो तिसरा. याच्या कोटाचं टोक उडतंय, म्हणजे वाराही होता. चौथा खांब कुठाय?”

तिघांचीही कोपरं खाली आली.

“चौथ्या खांबाच्या जागी कोपर आहे,” लेक म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.

उपसर खाली बसले. “म्हणजे,” ते म्हणाले, “माझे पणजोबा खांब होते.”

“वारा होता म्हणून,” बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

विमावाले काहीतरी काम आठवून वर गेले. उपसरांना सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तो माणूस खोटं बोलला नव्हता. नगराध्यक्षांच्याच रांगेत होता. तो नसता तर समारंभ खरंच पार पडला नसता. त्याने नातवंडांना एक शब्दही वाढवून सांगितला नव्हता, फक्त खांबाचा उल्लेख गाळला होता. आणि ज्याच्या डोक्यावर सावली धरली तो होता चौकवाल्यांचा खापरपणजोबा. त्याला चौक मिळाला आणि पणजोबांना फोटोतही पुरतं उभं राहता आलं नाही. हे कारण म्हणून लेकीसमोर कसं ठेवायचं?

जावई अजून उभाच होता. “काका,” तो म्हणाला, “आमच्याकडे ते भाषण आहे. त्या दिवशीचं. छापून ठेवलंय घरात.” मग जरा थांबून, “फार मोठं आहे.”

उपसरांनी मान वर केली. “किती वेळ चाललं होतं?”

“घरात सांगतात, लोकांना भूक लागली तरी संपेना.”

“म्हणजे तेवढा वेळ त्यांनी ते धरलं होतं,” उपसर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तो खडूचोराच्या वेळचा प्रकाश आला होता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी इमारतीच्या गच्चीवर प्रयोग झाला. शिंप्याने जाड कापडाचं छत शिवून दिलं. तीन कोपऱ्यांना तीन बांबू बांधले, चौथा बांबू उपसरांनी धरला. सावलीत खुर्च्या टाकून इमारत बसली, आणि जावई समोर उभा राहून खापरपणजोबांचं भाषण वाचू लागला. भाषणात आधी पाण्याचं महत्त्व होतं. मग पाणी नसताना काय होतं ते. मग ठेकेदारांचे आभार. ठेकेदारांपर्यंत उपसरांचा हात बधिर झाला होता. वारा आला की कापड शिडासारखं फुगायचं आणि बांबू त्यांना घेऊन कठड्याकडे निघायचा. त्यांनी कोपर वर काढून बांबू खांद्याशी दाबून धरला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की असंच धरावं लागतं. फोटोतल्यासारखंच. दुसऱ्या कुठल्याही रीतीने ते राहत नाही. घाम डोळ्यांत जात असताना त्यांना एवढा आनंद झाला की ते ओरडून बायकोला सांगणार होते, पण तोंड उघडलं आणि कापड सगळ्यांच्या अंगावर आलं.

छताखालून माणसं एकेक करून बाहेर निघाली. व्हायोलिनच्या बाईंच्या चष्म्याची एक काडी गेली होती. जावयाने पान मिटलं.

“यांनी पुढे सगळ्यांचे आभार मानलेत,” तो म्हणाला. “गवंड्यांचे, घोडागाड्यांचे. पावसाचेसुद्धा.”

“आणि छत धरणाऱ्याचे?”

जावयाने नकारार्थी मान हलवली. त्याचे कान लाल झाले होते. उपसरांना त्या पोराबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. लेक कठड्याशी उभी राहून हे सगळं बघत होती. मग येऊन ती वडिलांचा हात दंडापासून मनगटापर्यंत चोळत बसली.

नोंदणीच्या दिवसापर्यंत उपसरांनी तिला काहीच विचारलं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं, पण आपल्याजवळ द्यायला कारण नाही हे त्यांना कळत होतं. एक दुय्यम, एक राखीव, एक कोपर. एवढ्यावर कुणाला चौक सोडायला सांगायचा?

कार्यालयात साक्षीदार म्हणून त्यांना टेबलाजवळ खुर्ची मिळाली. समोरच्या कारकुनाने चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. “लग्नानंतरचं नाव?”

उपसरांनी खिडकीबाहेरच्या सायकलींकडे बघायला सुरुवात केली.

“आहे तेच,” लेक म्हणाली.

“आडनाव?”

“तेही आहे तेच.”

“बदलायचं नाही?” कारकुनाने आपलं सहज विचारलं.

“नाही,” लेक म्हणाली, त्याच थंड, सरळ आवाजात. “हाती धरलेलं मध्येच सोडायची आमच्याकडे पद्धत नाही.”

उपसर सायकलींकडेच बघत राहिले. कुठली सायकल कुठली ते त्यांना नीट दिसत नव्हतं. बायकोने टेबलाखालून त्यांच्या बरगडीत कोपर मारलं. इतक्या वर्षांत हा मार उलट दिशेने पहिल्यांदाच आला होता.

मग फोटो. कार्यालयाच्या आवारात फोटोवाल्याने दोन लोखंडी दांड्यांवर पांढरा पडदा उभा केला होता. लेकीने सांगितलं की बाबा मध्ये बसतील. उपसर कसेबसे मध्ये बसले. आयुष्यात त्यांना अशा जागेची सवय नव्हती. हात कुठे ठेवायचे ते कळेना. फोटोवाल्याने “हसा” म्हटलं आणि त्याच वेळी वारा सुटला. उजवीकडची दांडी कलली. उपसर आपोआप अर्धे उठले. बायकोने त्यांचं मनगट पकडलं. “आज नाही,” ती म्हणाली.

दांडी पडलीच असती. पण रांगेच्या टोकाकडून कुणीतरी झेप घेतली, आणि पडदा सरळ झाला. “काढा तुम्ही, मी धरलंय,” चौकटीबाहेरून जावयाचा आवाज आला. “बाबा, खाली बसा.”

तो फोटो आता उपसरांच्या दिवाणखान्यात आहे, पाण्याच्या टाकीच्या फोटोशेजारी. मध्ये उपसर, नजर कॅमेऱ्याऐवजी दांडीकडे. शेजारी लेक, खदाखदा हसणारी. पाहुणे बघतात, कौतुक करतात, आणि हमखास विचारतात, “सगळे आहेत, पण नवरामुलगा कुठाय?”

उपसर या प्रश्नाची वाटच बघत असतात. ते उठतात, चष्मा लावतात आणि फोटोच्या कडेला, नव्या कोटाच्या बाहीवर बोट ठेवतात.

“हे काय,” ते म्हणतात. “कोपर अजून जरा वर हवं होतं. पण पहिल्याच खेपेला चांगलं धरलंय.”